लिहायच्या टेबलाला इतके कप्पे का होते, आणि ते गेले कुठे

जुन्या लिहायच्या टेबलांचे फोटो बघितले की आधी डोळ्यात भरतात ते कप्पे. खण, खणांच्या मागे अजून खण, मधोमध एक छोटंसं दार आणि त्याच्या आत परत चिमुकले ड्रॉवर. आणि आजचं टेबल म्हणजे एक फळी, चार पाय, फार तर खाली एक खण. असं का झालं विचारलं तर लोक स्टाईलची नावं सांगतात, लुई पंधरावा, व्हिक्टोरियन, आर्ट डेको, मिड-सेंच्युरी वगैरे, आणि ती वाचून नवख्या माणसाला काहीच कळत नाही कारण ती नावं बहुतेक वेळा नक्षीबद्दल बोलतात. माझं म्हणणं असंय की नक्षी फॅशनने बदलते, पण टेबलाचा सांगाडा बदलतो तो दोन साध्या प्रश्नांमुळे: कागद ठेवायचे कुठे, आणि ते कोणी बघायचे. हे दोन प्रश्न धरून चारपाचशे वर्षांची टेबलं बघत गेलं की बराचसा गुंता सुटतो.

सुरुवात उतारापासून करू. युरोपातल्या मठांमधे पोथ्या नकलून काढणाऱ्यांची जुनी चित्रं बघा, त्यांच्या पुढची फळी चांगलीच तिरकी असते. याचं कारण पिसाची लेखणी. पीस उभं धरलं की शाई एकदम खाली येते आणि कागदावर डाग पडतो, फळी तिरकी असेल तर पीस जवळजवळ आडवं राहतं आणि शाई सावकाश उतरते. मानही कमी वाकते ते वेगळंच. आपल्याकडे बोरूने लिहिणारा कारकून जमिनीवर बसून एक गुडघा उभा करायचा आणि त्याच्यावर कागद धरायचा, म्हणजे उतार तोच, फक्त लाकडाच्या जागी स्वतःचा पाय. आणि पेढीवर मुनीमजींच्या गादीपुढे जी बैठी पेटी असायची, उतरत्या झाकणाची, जिला आपण डेस्कच म्हणत आलोय, तिचं झाकण उचललं की आत कीर्द-खतावणी, टाक, दौत आणि रोकड. माणूसच जमिनीवर बसलेला असताना उंच टेबल हवंय कशाला. बाकीच्या कागदांचं काय, तर ते कापडात बांधायचे. पेशवे दफ्तरातले कागद असेच रुमालांत बांधलेले, म्हणजे ‘कागद ठेवायचे कुठे’ या प्रश्नाला आपलं उत्तर कापडाचं होतं. युरोपने त्याच प्रश्नाला लाकडाचं उत्तर दिलं आणि तिथून ते खण सुरू झाले.

त्यातलं आधीचं एक उत्तर स्पेन-पोर्तुगालचं. १६व्या शतकात तिथे एक पेटी फार चालायची, पुढची बाजू बिजागरीवर खाली पडते आणि तीच लिहायची फळी होते, आत सगळे छोटे खण, दोन्ही बाजूंना उचलायला कड्या. स्पेनमधल्या या प्रकाराला बार्गेन्यो म्हणतात. व्यापारी, अधिकारी, धर्मगुरू सतत प्रवासात, त्यामुळे ऑफिसच उचलून न्यायचं. हीच कल्पना पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आली, आणि गोवा-गुजरातच्या कारागिरांनी तिचं जे काही केलं ते बघण्यासारखं आहे. सागवानी सांगाडा, त्यावर आबनूस आणि हस्तिदंताचं जडावकाम, आणि गोव्यात बनलेल्या कित्येक कपाटांच्या स्टँडला पाय म्हणून कोरलेल्या नाग-नागिणी, वरचं अंग माणसाचं आणि खाली शेपटी. अशा खणवाल्या कपाटाला पोर्तुगीजमधे कोंतादोर म्हणतात. लिस्बनच्या आणि लंडनच्या म्युझियममधे ही कपाटं मानाने ठेवलेली आहेत. मागणी युरोपियन, लाकूडकाम आपलं, आणि नक्षीत दोन्हीकडचं मिसळलेलं, हे १७व्या शतकात, म्हणजे ‘फ्यूजन’ हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता तेव्हा.

आता फ्रान्स, जिथे हा प्रकार टोकाला गेला. १४व्या लुईच्या काळात आंद्रे-शार्ल बूल नावाचा कारागीर होता, त्याने कासवाच्या पाठीचे आणि पितळेचे पातळ तुकडे एकमेकांत बसवून सजवायची पद्धत इतक्या उंचीला नेली की तिला आजही बूलचंच नाव आहे. दोन्हीकडे खणांचे दोन गठ्ठे, त्यांना मिळून आठ पाय, आणि मधे गुडघे जायला जागा, या टेबलाला फ्रान्सचा मंत्री कार्डिनल माझारीन याच्या नावाने ओळखतात. मग आलं सपाट मोठं टेबल, वर चामडं, चामड्याच्या कडेला सोनेरी रेघ, खाली एका ओळीत तीन खण. त्यावर नकाशे पसरता येतात, माणूस मंत्र्यासारखा दिसतो, पण अडचण अशी की काम अर्धवट टाकून उठलात तर कागद सगळ्यांना दिसतात. दरबारात हे चालणारं नव्हतं.

म्हणून १७६० साली १५व्या लुईसाठी एक टेबल बनवायला घेतलं गेलं आणि ते पूर्ण झालं १७६९ मधे. सुरुवात केली जाँ-फ्रान्स्वा ओबेनने, तो १७६३ ला वारला, आणि त्याच्याच कारखान्यातल्या जाँ-आँरी रीझनरने ते संपवलं. नऊ वर्षं! वर्सायच्या राजवाड्यात ते आजही आहे. वरचं झाकण गोलाकार, दुकानाच्या रोलिंग शटरसारखं आत सरकत जाणारं, आणि कमाल अशी की एका किल्लीच्या पाव फेऱ्यात झाकण आणि सगळे खण एकदम बंद. राजा उठला, किल्ली फिरवली, विषय संपला. पण मग नोकराने दौतीत शाई भरायची कशी? त्यासाठी बाजूला वेगळे छोटे खण दिले, जे किल्लीशिवाय उघडतात, म्हणजे शाई भरता येईल पण आतलं एक पानही दिसणार नाही. मला हा तपशील त्या टेबलावरच्या सगळ्या ब्राँझ आणि फुलांच्या जडावकामापेक्षा मोठा वाटतो, कारण त्या टेबलाचं खरं काम इथे कळतं. ‘कोणी बघायचं’ या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर क्वचितच कुठल्या फर्निचरने दिलं असेल.

याच्याही पुढे गेले जर्मनीत नॉयवीडचे रोएंटगेन बापलेक, आब्राहाम आणि डेव्हिड. प्रशियाचा राजा फ्रेडरिक विल्यम दुसरा याच्यासाठी डेव्हिडने केलेलं एक उंच कपाट-कम-टेबल बर्लिनच्या म्युझियममधे आहे, त्यात किल्ली फिरवली की स्प्रिंगा आणि वजनांच्या जोरावर खण आपोआप बाहेर येतात, लिहायची फळी बाहेर येते, वर वाजणारं घड्याळ. याचे व्हिडिओ नेटवर आहेत, जरूर बघा, १८व्या शतकातलं लाकूडकाम काय करू शकत होतं ते लेख वाचून कळणार नाही.

इंग्लंडमधली गोष्ट जरा साधी आणि घरगुती. तिथे उतरत्या झाकणाचा ब्युरो चालला: खाली मोठे खण, वर तिरकं झाकण, ते पुढे उघडलं की दोन लाकडी दांडे बाहेर ओढायचे आणि झाकण त्यावर टेकवायचं, आत कबुतरखान्यासारखे कप्पे. त्या कप्प्यांच्या मधे दोन छोटे खांब दिसतात, शोभेचे वाटतात, पण ते ओढले की बरेचदा खांबच खण निघतो. बँकेचा लॉकर नसलेल्या काळात दस्तऐवज, कर्जरोखे, सोन्याची नाणी इथेच जायची, त्यामुळे गुप्त खण ही चैन नव्हती.

आणि लाकडाचा रंग का बदलला हेही सांगतो, कारण जुनं फर्निचर बघताना लोक ‘अक्रोड की महोगनी’ हा प्रश्न चवीचा समजतात आणि त्यामागे खरं तर हवामान आणि कर आहेत. १७०९ चा हिवाळा युरोपात इतका भयंकर होता की फ्रान्समधली अक्रोडाची झाडं मोठ्या प्रमाणावर मेली, १७२० मधे फ्रान्सने अक्रोडाची निर्यात थांबवली, आणि १७२१ मधे ब्रिटनने आपल्या अमेरिकेतल्या वसाहतींमधून येणाऱ्या लाकडावरचा कर काढला. झालं, पुढच्या काही दशकांत जमैकासारख्या वसाहतींतून येणारी लालसर महोगनी. रुंद फळ्या, कीड कमी, कोरायला उत्तम. लंडनच्या चिपेनडेल या फर्निचर बनवणाऱ्याच्या नावाने जी स्टाईल ओळखली जाते, १७५४ मधे त्याने डिझाईनचं पुस्तक काढलं, ती या लाकडाशिवाय शक्यच नव्हती. आणि जमैकातली ती महोगनी तोडायला गुलाम माणसं लावलेली होती, हे त्या गुळगुळीत लालसर फळीकडे बघताना विसरू नये.

स्त्रियांच्या टेबलांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. फ्रान्समधे १७६० च्या सुमारास एक नाजूक छोटं टेबल आलं, मागे छोटं कपाट, पुढे लिहायची जागा, उचलून खिडकीपाशी नेता येईल इतकं हलकं, ते बायकांसाठी म्हणूनच बनायचं. इंग्लंडमधे गिलोज नावाच्या कारखान्याने १७९० च्या दशकात कॅप्टन डेव्हनपोर्ट नावाच्या गिऱ्हाइकासाठी एक आटोपशीर टेबल केलं, वर तिरकं झाकण, आणि खण समोर नाहीत तर बाजूला. ते पुढे घराघरातल्या बायकांचं टेबल झालं. आणि ज्यांच्याकडे तेवढीही जागा नव्हती त्यांच्याकडे मांडीवर ठेवायची लिहायची पेटी, उघडली की मखमल किंवा चामडं लावलेला उतार, दौतीची जागा, आणि कित्येक पेट्यांत एक पट्टी दाबली की उघडणारे चोरखण. इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टेनची अशी पेटी ब्रिटिश लायब्ररीत आहे. ज्या काळात लग्न झालेल्या बाईच्या नावावर इंग्लंडमधे जवळजवळ काहीच राहत नसे, त्या काळात कुलूप लागणारी एक हातभर लांबीची पेटी ही किती मोठी गोष्ट असेल. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा जेफरसनने १७७६ मधे असल्याच एका छोट्या पेटीवर लिहिला, तीही जपून ठेवलीये, पण मला ऑस्टेनची पेटी जास्त महत्त्वाची वाटते.

आपल्याकडे परत येऊ. कंपनीचे आणि पुढे राणीचे अधिकारी हिंदुस्थानात सतत मुक्काम हलवत, त्यांच्यासाठी कँपेन फर्निचर नावाचा वेगळाच प्रकार झाला. सागवान किंवा कापराचं लाकूड, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, मुठी लाकडात खोल बसवलेल्या म्हणजे बैलगाडीत कशाला अडकणार नाहीत, आणि अख्खी चीज मधोमध दोन भागांत सुटी होते. वरचा एक खण पुढे ओढून त्याची पुढची फळी खाली पाडली की ते टेबल. मला विचाराल तर ‘मॉडर्न’ डिझाईन इथेच सुरू होतं, एकही गोष्ट उगाच नाही. विशाखापट्टणमला हस्तिदंत लावलेले नाजूक ब्युरो बनत. आणि मुंबईत १९व्या शतकात शिसवी लाकडाचं ते काळंभोर, इंचन्‌इंच कोरलेलं फर्निचर बनायला लागलं, ज्याला जगभरात बॉम्बे ब्लॅकवूड म्हणतात. आकार इंग्रजी, डेव्हनपोर्टसुद्धा, पण अंगावर पानं, वेली, पक्षी, जाळीकाम. पारशी घरांतून यातलं बरंच काही टिकलं. काही जाणकारांना ते अति वाटतं, मला नाही वाटत, त्या कोरणाऱ्या हातांना रिकामी जागा ठेवायची नव्हती आणि ती त्यांनी ठेवली नाही, बस.

आता सगळं फिरतं तो टप्पा. १८४० मधे ब्रिटनने एका पेनीत देशभर पत्र सुरू केलं आणि एका वर्षात पत्रांची संख्या दुपटीच्या वर गेली. रेल्वे, तार, विमा, बँका, सगळीकडे कागदच कागद. यावर अमेरिकेत इंडियानापोलिसच्या विल्यम वूटनने १८७४ मधे एका टेबलाचं पेटंट घेतलं, त्याची दोन जाडजूड दारं दोन्ही बाजूंना उघडायची, दारांतही कप्पे, मधेही कप्पे, एकूण शंभराहून जास्त, आणि सगळं एका कुलपात. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी ते वापरलं. वूटनचं टेबल म्हणजे ‘माझा सगळा धंदा माझ्या एका खुर्चीतून चालतो’ या कल्पनेचा कळस, आणि तो कळस गाठला तेव्हाच ती कल्पना मरत होती. कारण त्याच सुमाराला रेमिंग्टनचा टाईपरायटर बाजारात आला. टाईप केलेली, कार्बन कॉपी काढलेली पानं दुमडून छोट्या कप्प्यात घालायची नसतात, ती सपाट ठेवायची असतात. १८९३ च्या शिकागोच्या प्रदर्शनात उभ्या फाईलींची पद्धत लोकांना दिसली, म्हणजे फोल्डर उभे लावायचे आणि कोणालाही नावाने शोधता आले पाहिजेत. कागद आता एका माणसाचा राहिला नाही, ऑफिसचा झाला, आणि टेबलातून निघून कपाटात गेला.

यातून रोल-टॉप टेबलावर संक्रांत आली. तेच सरकतं झाकण, राजासाठी बनलेलं, १९व्या शतकाच्या शेवटी अमेरिकन कारखान्यांनी स्वस्तात घरोघरी नेलं होतं. अरुंद लाकडी पट्ट्या मागून कॅनव्हासला चिकटवायच्या आणि खाचेतून सरकवायच्या, इतकंच तंत्र. पण कार्यक्षमतेचं वेड लागलेल्या मॅनेजर लोकांना ते झाकण खुपायला लागलं, कारण त्याच्याखाली कारकुनाने किती काम तुंबवलंय ते दिसत नाही. १९१५ च्या आसपास सपाट, उघडी, दोनचार खणांची टेबलं एका मापाने ऑफिसात आली आणि ती ओळीत लावली गेली, म्हणजे एका नजरेत सगळी दिसतील अशी. हा बदल मला या सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोठा वाटतो. आधीच्या दोनतीनशे वर्षांत टेबल हे बसणाऱ्याचं गुपित सांभाळायचं, आता ते त्याच्यावर लक्ष ठेवायला मदत करायला लागलं. आणि हे फक्त खालच्या माणसांसाठी बरं का, साहेबाचं टेबल मात्र मोठं लाकडीच राहिलं. अमेरिकेच्या अध्यक्षांचं रेझोल्यूट टेबल बघा, आर्क्टिकच्या बर्फात सोडून द्यावं लागलेल्या एका ब्रिटिश जहाजाच्या लाकडापासून बनवून व्हिक्टोरिया राणीने १८८० मधे भेट दिलेलं, ते अजून वापरात आहे.

लाकूड जाऊन स्टील आलं ते मुख्यतः आगीच्या भीतीने. उंच इमारती, आत टनावारी कागद. १९१५ मधे बॉस्टनच्या कस्टम हाऊस टॉवरसाठी दोनशे स्टीलची टेबलं घेतली गेली, ती बनवणारी कंपनी पुढे स्टीलकेस नावाने मोठी झाली. तिनेच १९३० च्या दशकाच्या शेवटी वास्तुकार फ्रँक लॉइड राईटने जॉन्सन वॅक्स कंपनीच्या ऑफिससाठी काढलेली टेबलं बनवली, स्टीलच्या नळ्या, गोल कडा, आणि खण ओढायचे नाहीत तर बाजूला फिरवायचे. आपल्याकडे गोदरेजने १९२३ पासून स्टीलची कपाटं बनवली आणि पुढे सरकारी ऑफिस म्हटलं की करडं स्टीलचं टेबल हे समीकरणच झालं. वर काच, काचेखाली फोन नंबरांची यादी, सुट्ट्यांचा तक्ता, देवाचा फोटो. कप्पे काढून घेतल्यावर माणसाने स्वतःची जागा काचेखाली शोधली, असं मला ते बघताना नेहमी वाटतं.

लाकूड पूर्ण गेलं नाही मात्र. १९५० च्या दशकात चंदीगड उभं राहत होतं तेव्हा शहराचा आराखडा करणारा वास्तुकार ल कॉर्बुझिए याचा चुलतभाऊ पिएर जानरे याने तिथल्या ऑफिसांसाठी सागवानी टेबलं-खुर्च्या केल्या, तिरके कंपाससारखे पाय, स्थानिक सुतारांना करता येईल असे साधे सांधे. नंतर तीच मोडकी म्हणून भंगारात लिलावाला निघाली, परदेशी डीलरांनी उचलली, आणि युरोप-अमेरिकेत लाखो रुपयांना विकली गेली. मागे रंगवलेला सरकारी खात्याचा नंबर असेल तर किंमत उलट वाढते.

क्युबिकलची, म्हणजे ऑफिसातल्या पार्टिशन लावलेल्या खुराड्याची कथा थोडक्यात. १९६४ मधे हर्मन मिलर कंपनीसाठी रॉबर्ट प्रॉप्स्ट आणि जॉर्ज नेल्सन यांनी अ‍ॅक्शन ऑफिस आणलं, त्यात उभं राहून काम करायचं टेबल होतं आणि वर सरकतं झाकणसुद्धा होतं, म्हणजे माणसाला त्याचं गुपित परत द्यायचा प्रयत्न. महाग होतं, फारसं खपलं नाही. १९६८ मधे दुसरी आवृत्ती आली, हलवता येणाऱ्या पार्टिशन्सची. ती कंपन्यांनी काटकोनात, शक्य तितकी दाटीने लावली, आणि ज्याने मोकळीक द्यायला हे काढलं होतं त्या प्रॉप्स्टला शेवटपर्यंत याचं वाईट वाटत राहिलं.

कॉम्प्युटरने परत माप बदललं. जुने मॉनिटर मागे इतके खोल होते की १९९० च्या दशकात टेबलं कोपऱ्यात बसणारी झाली, खाली कीबोर्डची सरकती फळी, बाजूला सीपीयूचा कप्पा, वायरीसाठी भोक, सगळं पार्टिकल बोर्डचं. स्क्रीन चपटी झाली, लॅपटॉप आले, आणि पाचदहा वर्षांत ते सगळं निरुपयोगी. शाळेच्या जुन्या बाकावर दौतीचं भोक असतं ना, तसंच हे वायरीचं भोक. कागद मशीनच्या आत गेला, कुलपाच्या जागी पासवर्ड आला, आणि टेबलाकडे फक्त फळी उरली. आता मोटरने वर-खाली होणारी टेबलं नवीन म्हणून विकतात, पण वर उचलून दात्यांवर टेकवायची फळी १८व्या शतकातल्या नकाशे काढायच्या टेबलांनाही होती.

जुनं टेबल घ्यायचा विचार असेल, मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट किंवा जोगेश्वरीचं ओशिवरा मार्केट, तर वरची पॉलिश बघू नका, खण बाहेर काढा. खणाच्या कोपऱ्यातले डव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखे एकमेकांत अडकणारे सांधे सगळे तंतोतंत एका मापाचे असतील तर मशीनचे, थोडे वेडेवाकडे असतील तर हाताचे. मागच्या फळीवर करवतीच्या रेषा गोल असतील तर गोल करवत, म्हणजे १९व्या शतकातलं किंवा नंतरचं. वरचं कपाट आणि खालचं टेबल यांच्या मागच्या फळ्या वेगळ्या लाकडाच्या किंवा वेगळ्या रंगाच्या दिसल्या तर दोन तुटक्या चिजा जोडून एक केलेली असू शकते. मुठी बदलल्या असतील तर खणाच्या आतून जुनी बुजवलेली भोकं दिसतात. ब्युरो असेल तर आतल्या खणांची खोली बाहेरच्या खोलीशी मोजून बघा, फरक निघाला तर मागे काहीतरी आहे, सावकाश दाबून, ओढून बघा. आणि परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांसाठी घेत असाल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आधी समजून घ्या, शंभर वर्षांहून जुनी, कलाकुसरीची वस्तू या कायद्यात येते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे वयाबद्दल शंका असेल तर पुरातत्त्व खात्याकडून तपासून, ती पुरावस्तू नाही असा दाखला घेऊन मगच पैसे द्या.